पौर्णिमा ठेवू की किंकाळ्या? (बेटावरची एक अडलेली कथा)

टपालबाई

मंडळी, एका कथेत गाडी रुतली आहे. धक्का मारायला या.

मी ३६ वर्षं टपाल खात्यात काढली. शेवटची ७ वर्षं दापोली तालुक्यातल्या एका खेड्यात सब-पोस्टमास्तर होते. निवृत्तीनंतर आमच्याकडच्या बायका भजनी मंडळात जातात, मी रहस्यकथा लिहायला बसले. दोन छापून आल्या. एक साभार परत आली, तीही आठव्या दिवशी, म्हणजे खातं माझ्यावाचून नीट चाललंय.

लेक वेल्समध्ये हॅवरफर्डवेस्टला असते. तिच्या बाळंतपणाला गेले ती पाच महिने राहिले. डिंकाचे लाडू संपले, बाळ रात्रीचं झोपायला लागलं, तेव्हा जावयांनी मला दोन रात्रींची सुट्टी दिली. त्यांच्या ओळखीत कुणाचं तरी स्कोमर बेटावरचं बुकिंग रद्द होत होतं. "आई, तुम्हाला समुद्र आवडतो ना, जाऊन या," म्हणाले. मला समुद्र आवडतो तो हर्णैचा, जिथून दिवेलागणीला घरी येता येतं. पण गेले.

मार्टिन्स हेवनहून बोट सुटते आणि पाव तासात बेट. उतरलं की ८७ पायऱ्या. मोजल्या, कारण खांद्यावर दोन दिवसांचा शिधा होता. बेटावर दुकान नाही. खाण्याचे डबे घट्ट झाकणाचेच लागतात, सामानातून उंदीर बेटावर जाऊ नये म्हणून. एक गाभण उंदरीण पोचली तरी बिळात अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची वाट लागेल. माझा मेतकुटाचा डबा तिथल्या मुलीने उघडून हुंगला, काही बोलली नाही, परत बंद करून दिला.

दिवसा पफिन पाहिले. केशरी पाय, रंगीत चोच, आणि चेहरा पहिल्या दिवशी काउंटरवर बसवलेल्या कारकुनासारखा. त्यांचे फोटो जगाने काढलेत, मी वेगळं काय सांगणार. मला धरलं ते रात्रीने.

साडेअकराला लाल उजेडाचा टॉर्च घेऊन आम्ही बाहेर पडलो. अमावास्या तोंडावर होती. स्वतःचा हात दिसत नव्हता. आणि आवाज सुरू झाले. मँक्स शिअरवॉटर नावाचा पक्षी आहे, कबुतराहून जेमतेम मोठा, पाठ काळी, पोट पांढरं. दिवसभर समुद्रावर असतो, मिट्ट काळोख झाला की बिळात येतो. तिथली माणसं लाडाने "मँक्सी" म्हणतात. स्कोमरवर त्यांची संख्या साडेतीन लाख. पक्षी नव्हेत, जोड्या! आवाज कसा सांगू? कोंबड्याची मान मुरगाळायला घ्यावी, त्याने अर्धीच बांग द्यावी, मग दमेकऱ्याने श्वास आत ओढावा, आणि हे सगळं डोक्यावरून, कानाशी आणि पायाखालून. पायाखालून म्हणजे खरंच जमिनीच्या आतून. एक जण धप्पकन माझ्या बुटावर आदळला आणि पोटावर सरपटत निघून गेला. त्यांचे पाय इतके मागे असतात की धड चालता येत नाही.

सकाळी वाटेवर दोन पंख पडलेले, मधल्या हाडाने एकमेकांना जोडलेले, आणि मधला पक्षीच नाही. काळ्या पाठीच्या मोठ्या कुरवांचं (सीगलचं) काम. मी तिथेच उभी राहिले आणि कथा सुचली.

तर कथा अशी. ती पुण्याची, एका हंगामापुरती बेटावर स्वयंसेवक. तो तिथलाच, पक्ष्यांच्या पायात नंबराची कडी घालणारा. (नावं ठरायची आहेत, वेल्श नावं लिहिताना माझं शुद्धलेखन डगमगतं.) जुलैच्या पौर्णिमेला रात्री पावणेअकराला दोघं दुधासारख्या चांदण्यात कड्यावर बसतात, काही बोलायचं राहून जातं, ती खोलीवर परतते. त्याच रात्री तो नाहीसा होतो. सकाळी बेटावर त्याची वही आहे, जाकीट आहे, तो नाही. मुक्कामाला असलेल्या एका म्हाताऱ्या पाहुण्याची साक्ष: "रात्री एकच्या सुमाराला पक्षी असे ओरडत होते की शेजारी कुणाचा खून झाला असता तरी कळलं नसतं."

प्रश्न:
मुक्कामाला पाहुणे १६, शिवाय तिथे राहून काम करणारे. एवढ्यांपैकी कुणालाच काही ऐकू आलं नाही, हे पटेल ना?
रात्री बोटीशिवाय, किंवा लहानशा होडीतून, माणूस तिथून जाऊ शकतो का?
आणि प्रेमाचा भाग कोरडा झालाय. मला मनीऑर्डर लिहिता येते, प्रेम नाही. तोडगा सुचवा.

दिवाळी अंकाची मुदत जवळ आली आहे.

अर्धाकप

वाचतोय. तो मेतकुटाचा डबा कथेत घ्याच. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

दुर्बीणवाला

टपालबाई, आवाजाचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. मी शेजारच्या स्कोकहोम बेटावर एक हंगाम काढलाय. पद स्वयंसेवकाचं. काम म्हणजे भांडी घासणं, संडास धुणं आणि उरल्या वेळात पक्षी मोजणं.

पण कथेचा पायाच चुकलाय. पौर्णिमा आणि किंकाळ्या एका रात्रीत बसत नाहीत.

मँक्सी काळोखात येतो तो त्याच कुरवांच्या भीतीने, ज्यांनी तुमच्या वाटेवरचे पंख टाकले. जमिनीवर तो लंगडा, उजेडात कुरवाला दिसला की संपला. म्हणून लख्ख चांदणं असलं की बेट गप्प असतं. पिल्लाला भरवायला आईबाप येतात, पण कमी, आणि चूपचाप. सगळ्यात जास्त आरडाओरडा करतात ती अजून घर न मांडलेली तरणी पोरं, बीळ आणि जोडीदार शोधत फिरणारी, आणि ती तर चांदण्यात फिरकतच नाहीत. तुम्ही ऐकलंत ते अमावास्येचं बेट. पौर्णिमेला तुमच्या म्हाताऱ्या पाहुण्याला स्वतःच्या घोरण्याचा आवाज ऐकू आला असता.

पळवाट एक आहे. आभाळ भरून आलं किंवा धुकं उतरलं तर पौर्णिमेलाही गोंधळ असतो. पण मग तुमच्या जोडप्याला चांदणं नाही. म्हणजे प्रेम ठेवा नाहीतर रहस्य ठेवा.

आणखी थोडं, उपयोगी पडलं तर पाहा. रोज संध्याकाळी सगळे टेबलाभोवती बसतात आणि दिवसभरात कुणी काय पाहिलं ते एकेका पक्ष्याचं नाव पुकारत वहीत उतरवतात. हवामानही लिहितात. मागाहून त्या रात्रीचं आभाळ कसं होतं हे कळण्याची सोय तुम्हाला तिथे आहे. दुसरं, आखलेली वाट सोडून चालायचं नाही, हा तिथला पहिला नियम. सगळी जमीन पोखरलेली, पाय टाकला की बीळ ढासळतं आणि आतलं पिल्लू चिरडतं. म्हणजे कुणी वाट सोडून गेलं तर सकाळी जमीन सांगते.

प्रेमाचं म्हणाल तर मँक्सीइतका उमेदवार मिळणार नाही. जोडी बहुधा वर्षानुवर्षं तीच, एकच अंडं, आणि ते ५० दिवसांच्या आसपास आळीपाळीने उबवतात. एक बिळात काळोखात बसलेला असतो, दुसरा काही दिवस समुद्रावर. परतलेला वरून ओरडतो. नराचा आवाज त्यातल्या त्यात स्वच्छ, मादीचा घोगरा, आणि जोडीदाराचा आवाज ओळखता येतो. कान तयार झाला की माणसालाही नरमादी कळतात, मला तीन आठवडे लागले. मोजणीही आवाजानेच करतात. बिळाच्या तोंडाशी रेकॉर्ड केलेली हाक वाजवायची, आत कुणी असेल तर बरेचदा जमिनीतून उत्तर येतं. सगळेच देत नाहीत, त्याचा हिशेब वेगळा लावतात.

आणि तुमच्या खात्याला झोंबेल असं एक. १९५२ साली स्कोकहोमवरचा एक मँक्सी विमानाने अमेरिकेत नेऊन बोस्टनला सोडला. साडेबारा दिवसांत, सुमारे ५,००० किलोमीटर अटलांटिक ओलांडून, तो आपल्या बिळात हजर. "पक्षी सोडला आहे, लक्ष ठेवा" असं कळवणारं बोस्टनचं पत्र त्याच्यानंतर आलं.

टपालबाई

दुर्बीणवाले, पत्र उशिरा आलं त्यात आमची चूक नाही, ते परदेशी टपाल!

बाकी तुम्ही माझं पान ७ ते ११ पाण्यात घातलंत. पौर्णिमा मी घातली कारण प्रेमकथेत चांदणं लागतं असं वाटलं. प्रेमात मी कधी चांदण्यात बसले नाही, आमच्या यांच्याशी बोलणं झालं ते एसटीच्या रांगेत. उसनं चांदणं आणलं आणि तेच अंगाशी आलं.

पण रात्रभर विचार केला. चूक माझी आहे ती तशीच राहू द्यावी आणि त्या म्हाताऱ्याच्या माथी मारावी. म्हणजे तो खोटं बोलतोय. बाहेरच्या पोलिसाला पक्ष्यांचं काय कळणार, त्याला साक्ष पटते. फक्त तिला, पुण्याच्या पोरीला, माहीत आहे की पौर्णिमेला बेट गप्प असतं. वहीत आभाळ निरभ्र लिहिलंय. म्हातारा पकडला. कसं वाटतं?

वेंगुर्ल्याचो झील

बाईनू, ह्या सगळा ठीक आसा, पण त्या गोऱ्यांच्या बेटार कित्याक मरतास? आमच्या वेंगुर्ल्यासमोर काय कमी आसा? वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, खडकांचो घोळको, दीपगृह आसा, सुरय पक्षी शेकड्यांनी, आणि गुहेत पाकोळ्यो.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. या पाकोळ्या लाळेने घरटं बांधतात, गुहेच्या भिंतीला डकवलेलं, वाटीएवढं. त्या घरट्याचं सूप चिनी लोक पितात, म्हणून त्याला सोन्याचा भाव आणि म्हणून चोरी. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींनी १९४० च्या सुमारास इथल्या पाकोळ्या आणि सुरय यांच्यावर लिहून ठेवलंय. आपल्या राज्यात, आपल्या समुद्रात, चोर, गुहा, दीपगृह, पावसाळ्यात होडी नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बेटाकडे कुत्रंसुद्धा जात नाही. रहस्याला आणखी काय लागतं? माझे आजोबा म्हणायचे, खडकावर अडकलेल्या माणसाला किनाऱ्यावरचे दिवे दिसतात, हेच वाईट.

प्रेम? घरट्यांच्या चोराची मुलगी आणि राखणदाराचा मुलगा. घ्या, फुकट दिली.

टपालबाई

झिला, आजोबांचं ते वाक्य मला दे. बाकी कथा तूच लिही, तुझी आहे. मी त्या खडकावर पाय ठेवलेला नाही आणि जिथे पायऱ्या मोजल्या नाहीत तिथलं मला लिहिता येत नाही.

मुपो_कार्डिफ

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी पाहिलंच नाही, म्हणून मी.

स्कोमर आणि किनारा यांच्यात मैलभरही अंतर नाही. बघणाऱ्याला वाटतं पोहून जाईन. मधल्या खाडीला जॅक साउंड म्हणतात. भरती-ओहोटीचं पाणी तिथून नदीसारखं धावतं, मध्ये खडक, पाणी उकळल्यासारखं दिसतं. पाणी थबकतं तेवढाच थोडा वेळ होडीवाल्याला मिळतो. आता पौर्णिमा म्हणजे उधाण, हे दापोलीच्या बाईंना सांगायला नको. म्हणजे तुम्ही त्याला महिन्यातल्या सगळ्यात वाईट रात्री पाठवताय. जाणता असेल तर पाणी थांबण्याची वेळ साधेल, हट्टी असेल तर साधणार नाही. इथे त्याचा स्वभाव कामी आणा.

दुसरं, वारा. बोट लागते ते नॉर्थ हेवन उत्तरेला उघडं आहे. उत्तरेचा वारा सुटला की बोट बंद. ऊन असतं, समोर किनारा दिसतो, आणि तिकडून काही येत नाही. आम्ही दोनदा मार्टिन्स हेवनच्या धक्क्यावर सँडविच खाऊन परत आलोय. वेंगुर्ल्याच्या आजोबांचं वाक्य इथेही लागू.

जाता जाता. स्कोमरहून पश्चिमेला पांढरट ठिपका दिसतो ते ग्रासहोम. पांढरं दिसतं ते गॅनेट पक्ष्यांमुळे. जुन्या वेल्श कथेत युद्धातून वाचलेले सात जण आपल्या राजाचं तोडलेलं मस्तक घेऊन एका बेटावर ८० वर्षं मेजवानीत घालवतात. म्हातारे होत नाहीत, दुःख आठवत नाही. अट एवढीच, कॉर्नवॉलकडचं दार उघडायचं नाही. एक जण उघडतो आणि त्या क्षणी सगळ्यांना सगळं आठवतं. ते बेट म्हणजे ग्रासहोम असं मानतात. तुमच्या नायकाला हे सांगता येईल तिला. चांदण्यात काय बोलायचं ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

कटकट

एक शंका. "जुलैची पौर्णिमा" म्हणजे कुठल्या साली? तारीख नसलेली रहस्यकथा मी वाचत नाही.

टपालबाई

२०१९. पंचांग काढून पाहिलं, गुरुपौर्णिमा, १६ जुलै. तो तिचा गुरूच आहे एका अर्थी, म्हणून साधून घेतलं.

कटकट

नेमकी तीच सापडली? १६ जुलै २०१९ ला खंडग्रास चंद्रग्रहण होतं. आपल्याकडे १७ ला पहाटे दीड ते साडेचार, तुमच्या वेल्समध्ये १६ च्या रात्री. चंद्र उगवला तोच ग्रासलेला, साडेदहाला निम्म्याहून जास्त झाकलेला, आणि मध्यरात्री सुटला. म्हणजे तुमचं जोडपं पावणेअकराला "दुधासारख्या चांदण्यात" बसूच शकत नाही.

शिवाय तिकडे उन्हाळ्यातला पूर्ण चंद्र आभाळात खालूनच जातो, दक्षिणेला, हातभर वर. उत्तरेच्या उतारांवर सावलीच. तिथे दुर्बीणवाल्यांचे पक्षी ओरडले तर? म्हातारा निर्दोष सुटतो.

दुर्बीणवाला

कटकट, मानलं. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. उत्तर उतारावर थोडं ओरडणं होऊ शकतं. बाई, घटना दक्षिणेकडे न्या. विक नावाचा कडा आहे, दुपारी जिथे पफिन पाहिलेत तोच. एक वाजता चंद्र त्याच्या बरोबर समोर असेल, तिथे सावली मिळणार नाही.

टपालबाई

दोन दिवस आले नाही. नातीला व्हिडिओवर बडबडगीतं म्हणून दाखवायची होती आणि कथेची सात पानं फाडायची होती. दोन्ही झालं.

आता ऐका. चुकलं तर अडवा.

ग्रहण ठेवलं. कटकटराव, तुमचे आभार, कारण कोरड्या प्रेमाला तेवढ्याने ओल आली. दोघं ग्रहण बघायला बसतात, "दुधासारखं चांदणं" खोडलं. ती त्याला सांगते, आमच्याकडे ग्रहणात पाण्यात तुळशीपत्र टाकतात, शिजवत नाहीत. तो विचारतो, चहा? ती म्हणते, चहाचं शास्त्रात काही लिहिलेलं नाही. मग तो ग्रासहोमचं दार सांगतो. (मुपो कार्डिफ, घेतलं.) ती विचारते, सुखात होते ना ते, मग उघडलं कशाला? तो उत्तर देत नाही. "मादीचा आवाज घोगरा" हे त्याने तिला जूनमध्ये शिकवलेलं आहे, तेव्हा ती स्वतःच्या घशावर हात ठेवून हसली होती. एवढंच प्रेम आहे. यापेक्षा जास्त लिहायला गेले तर माझंच हसं होईल.

आता म्हातारा. त्याला खोटारडा केला होता, पण लिहिताना तो मला आवडायला लागला. रोज बुटाची नाडी बांधायला खाली बसतो आणि उठता येत नाही म्हणून पक्षी बघायचं नाटक करतो. असा माणूस खोटं का बोलेल? तेव्हा दुर्बीणवाल्यांनी लिहिलेलं पुन्हा वाचलं, बिळाशी हाक वाजवून मोजणी करतात ते. आणि डोक्यात ट्यूब पेटली. म्हाताऱ्याने खरंच ऐकलं. एक वाजता, लख्ख चांदण्यात, विकच्या बाजूने पक्षी ओरडले. पण ते पक्षी नव्हते. तो, कडी घालणारा, रेकॉर्ड केलेल्या हाका वाजवत होता.

कशासाठी? तिच्यासाठी. बाकी बेटाला किंकाळ्या नेहमीच्याच, कुणी कूस बदलणार नाही. पौर्णिमेला हा आवाज होऊ शकत नाही हे कळणारा, त्याच्यापुरता, एकच कान त्या रात्री बेटावर होता. ती हाक होती. ये, मी निघतोय, येणार असशील तर आत्ता ये.

मग ती का गेली नाही? इथे माझं खातं येतं. संकेत काय आणि कधी, हे त्याने आधीच्या आठवड्यात किनाऱ्यावर रजेवर असताना पत्रात लिहिलं. (तोंडी का नाही? मुखदुर्बळ आहे, पक्ष्यांशिवाय कुणाशी नीट बोलत नाही. ग्रहण बघतानाही म्हणून गप्प. त्याला वाटतंय तिने वाचलंय आणि तिच्या गप्प बसण्यातच होकार आहे. तिला वाटतंय त्याला काही बोलायचंच नाही.) ते पत्र टपालाच्या पिशवीत होतं. तो स्वतः शेवटच्या बोटीने आला, पिशवी पुढच्या बोटीने यायची होती, आणि चार दिवस उत्तरेचा वारा. "२०१९ साली पत्र?" म्हणणार असाल तर थांबा, तिचा फोन पान ४ वर बोटीतून उतरताना पाण्यात पडलेला आहे आणि नवा फोन त्याच पिशवीत आहे.

तिने आवाज ऐकला. जागी झाली. हे होऊ शकत नाही, हेही तिला कळलं. पण कळूनही तिने काय केलं, तर वहीत नोंद केली. वेळ, दिशा, "असामान्य". विद्यार्थिनी ना ती. आणि झोपली.

सकाळी वाट सोडून गेलेली एकच पावलांची रांग आणि एक ढासळलेलं बीळ. ज्याने हंगामभर इतरांना वाटेवरून हाकललं तो शेवटच्या रात्री वाट सोडून गेला. पिशवी अठरा तारखेला येते. पोलीस म्हाताऱ्याला खोटारडा ठरवत बसतात आणि ती, पत्र हातात घेऊन, एकटी त्याच्या बाजूने बोलते.

अर्धाकप

मेतकूट?

टपालबाई

तिच्या खोलीत आहे, घट्ट झाकणाच्या डब्यात. त्याच डब्यात ती पत्र ठेवते. संपादक म्हणतील वास येईल. येऊ दे.

वेंगुर्ल्याचो झील

पण तो मेलो की गेलो?

टपालबाई

पाणी थांबायची वेळ त्याला माहीत होती. एवढंच लिहिलंय.

कटकट

आवाज विकवरून एक वाजता. तिथून होडीपर्यंत रात्रीचं, वाटेशिवाय, सामान घेऊन. पाणी थांबायच्या वेळेशी जुळतं का ते भरतीचं कोष्टक काढून पाहा.

टपालबाई

कोष्टक जावयांकडे मागितलंय. ते म्हणाले, आई, पुन्हा जायचंय का? मी म्हटलं, अहो, कुणाला तरी पाठवायचंय.

दुर्बीणवाला

सुंदर झालंय. "असामान्य" या शब्दाशी मी थांबलो. आमच्या वहीत असे शब्द कितीतरी आहेत.

फक्त शेवटचं प्रकरण तुम्ही ऑगस्टअखेर घेतलंय आणि ती कड्यावर पफिन बघत बसलीय असं मागे एकदा कळवलं होतंत. ऑगस्टअखेर तिथे पफिन नसतो, जुलै सरता सरता निघून जातात. मँक्सीचं पिल्लू ठेवा. आईबाप त्याला सोडून आधीच गेलेले असतात. ते एकटं रात्री बिळाबाहेर येतं, पंख फडफडवून बघतं आणि एका रात्री उडतं ते थेट दक्षिण अमेरिकेच्या वाटेला. रस्ता दाखवायला कुणी नसतं.

टपालबाई

पफिन काढला. पिल्लू घातलं. त्यासाठी अमावास्या हवी, पंचांग पाहिलं: ३० ऑगस्ट २०१९, नेमकी पिठोरी. दीड पान वाढलंय, संपादकांना सांगू नका.